गलीना: शिकागोहून एका दिवसात, पण घाई न करता

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहून आम्हाला नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत कुणी ना कुणी सांगतच होतं की अगं एकदा गलीनाला, इलिनॉयच्या कोपऱ्यातल्या त्या जुन्या गावाला, जाऊन या, पण भारतातून पाहुणे आले की आपली गाडी ठरलेल्या रस्त्यावरच जाते, डाउनटाउन, बीन नावाचं ते चकचकीत शिल्प, बोटीची टूर, फार तर विस्कॉन्सिन डेल्स, आणि मग गलीना राहूनच जायचं. या वेळी मैत्रिणीचे आईबाबा आले होते. त्यांची ही तिसरी खेप, शिकागो दोनदा बघून झालेलं. काकू पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "मला आता उंच इमारती नकोत गं, इथली माणसं गावात कशी राहतात ते बघायचंय." मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला शुक्रवार पकडला, दोन्ही नवऱ्यांनी सुट्टी टाकली आणि आम्ही सहा जण एका मिनीव्हॅनमध्ये निघालो.

आधीच सांगते, ज्यांना जायचंय त्यांनी शुक्रवार किंवा त्याआधीचा कुठला तरी वार बघा. ऑक्टोबरात पानं रंगायला लागली की शनिवार-रविवारी मेन स्ट्रीटवर गाड्यांची रांग लागते, आणि कोलंबस डेच्या वीकेंडला तिथे कंट्री फेअर असतो, नदीकाठच्या ग्रँट पार्कमध्ये भरतो. फेअर बघायचाच असेल तर जरूर जा, पण गाव बघायचं असेल तर ते दोन दिवस सोडा.

शॉमबर्गपासून साधारण १४० मैल आहे. आय-९० ने रॉकफर्डपर्यंत आणि तिथून यूएस-२० पकडून थेट पश्चिमेला. टोलवर रोख घेत नाहीत, गाडीत आय-पास (टोल आपोआप कापणारा पास) असेल तर बरं. न थांबता पावणेतीन तास धरा, आम्ही सकाळी पावणेसातला निघालो आणि फ्रीपोर्टला पंधरावीस मिनिटं थांबून दहाच्या आत पोचलो. फ्रीपोर्टलाच गॅस, म्हणजे पेट्रोल, भरून घ्या आणि बाथरूमचं काम उरकून घ्या, पुढे लहान लहान गावं आहेत. हे फ्रीपोर्ट म्हणजे १८५८ मध्ये लिंकन आणि त्याचा प्रतिस्पर्धी डग्लस यांचा दुसरा जाहीर वादविवाद झाला ते गाव. आणि पुढे स्टॉक्टन लागतं, तिथे १९१४ मध्ये क्राफ्टचा पहिला चीज कारखाना सुरू झाला, म्हणजे आपण पोरांच्या डब्यात जे चीज घालतो त्याचा उगम या रस्त्यावरचा.

फ्रीपोर्टपर्यंतचा रस्ता आपल्या ओळखीचा, सरळ, सपाट, दोन्हीकडे मका आणि सोयाबीन. स्टॉक्टन सोडलं की मात्र काहीतरी बदलतं, रस्ता वळायला लागतो, चढउतार येतात, डोंगराच्या अंगाखांद्यावर गाईगुरं चरताना दिसतात, आणि मागच्या सीटवरून काका म्हणाले, "अरे, हे तर वाईकडे चाललोय असं वाटतंय." इलिनॉय इतकं सपाट का आणि हाच कोपरा असा का, तर हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी बाकी बहुतेक जमीन रगडून सपाट केली पण हा टापू त्यातून सुटला. याला ड्रिफ्टलेस एरिया म्हणतात, इलिनॉय, विस्कॉन्सिन, आयोवा आणि मिनेसोटा अशा चार राज्यांत पसरलाय. इलिनॉयमधली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा, चार्ल्स माउंड, ती पण इथेच, १,२३५ फूट. आपल्याकडे एवढ्या उंचीला कुणी विचारत नाही, पण नऊ वर्षं सपाट जमिनीवर काढल्यावर त्या पहिल्या वळणाला मला खरंच भरून आलं. (ती जागा खासगी शेतात आहे, उन्हाळ्यात मोजक्या वीकेंडना उघडतात, तेव्हा तारीख बघितल्याशिवाय जाऊ नका.)

गाडी नदीच्या बाजूच्या पार्किंग लॉटमध्ये लावली. मेन स्ट्रीटवर लावायच्या नादाला लागू नका, जागा कमी आणि वेळेची मर्यादा. नदीकाठी लावली की दिवसभराची चिंता मिटते आणि मेन स्ट्रीट दोन मिनिटांवर आहे. बोर्ड तेवढा वाचून घ्या.

आम्ही पोचलो तेव्हा दुकानं उघडायची होती आणि मला वाटतं दिवसातला सगळ्यात चांगला अर्धा तास तोच होता. मेन स्ट्रीट सरळ नाहीये, नदीच्या वळणाप्रमाणे ती पण वळते, त्यामुळे एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही, विटांच्या इमारती हळूहळू पुढे येत जातात. एकाला एक चिकटून दोन-तीन मजली लाल इमारती, लांबट खिडक्या, खिडक्यांच्या वर कमानी, आणि त्या इमारतींच्या मागे लगेच टेकडी, टेकडीवर चर्चचे उंच टोकदार कळस. एक माणूस पाइप लावून दुकानापुढचा फुटपाथ धूत होता, त्याने काकांना गुड मॉर्निंग केलं, काकांनीही केलं, आणि मग दोघं हवेबद्दल पाच मिनिटं बोलत उभे. काकू मला हळूच म्हणाल्या, "बघ, हेच बघायचं होतं मला."

रस्त्याच्या दक्षिण टोकाला एक गोष्ट आहे जी बरेच जण गाडीतून जाताना बघतसुद्धा नाहीत. हिरव्या रंगाची दोन अवजड लोखंडी दारं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडून ठेवलेली. ही फ्लडगेट्स. नदीला पूर आला की ही दारं लावून घ्यायची आणि मेन स्ट्रीट मागे सुरक्षित, बाकी बाजूने मातीचा बांध आहेच. १९३७ आणि १९४७ ला गावात मोठे पूर आले, त्यानंतर हे काम केलं. माझा नवरा सांगलीचा. २००५ चा पूर त्याने घरात पाणी शिरताना बघितलाय, २०१९ ला त्याच्या आईला शेजारच्यांनी बोटीतून काढलं, आजही पावसाळ्यात तो रात्री झोपताना आयर्विन पुलाची पातळी फोनवर बघतो. तो त्या दारापाशी गेला, हात लावून बघितला, बिजागऱ्या बघितल्या, दार किती उंच आहे ते नजरेने मोजलं, खाली रस्त्यात ती कुठे बसतात ती खाच बघितली. दहा मिनिटं. मग म्हणाला, "बाजारपेठेला दार लावता येतं, हे मी पहिल्यांदा बघतोय." आम्ही कुणी काही बोललो नाही. तुम्ही जाल तेव्हा तिथे चालत जा, गाडीतून नका बघू.

आता नदी. नदी बघून तुम्हाला प्रश्न पडेलच की एवढीशी नदी आणि एवढं मोठं बंदर कसं असेल. पण होतं. गलीना म्हणजे शिशाचं खनिज, लेड सल्फाइड, गावाचं नावच त्यावरून. १८२० च्या दशकात इथे खाणींची गर्दी उसळली, १८४५ च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेतलं बहुतेक शिसं या टापूतून निघत होतं. मिसिसिपीवरून वाफेच्या बोटी या लहान नदीत आत यायच्या, थेट मेन स्ट्रीटच्या मागे लागायच्या, शिशाच्या विटा भरून सेंट लुईसला जायच्या. १८६० च्या जनगणनेत गावात आठ हजारांच्या वर माणसं होती, तेव्हा शिकागोसुद्धा फार जुनं नव्हतं. मग सगळं एकामागून एक झालं. शिसं वितळवायला आणि खाणींना टेकू द्यायला टेकड्यांवरची झाडं तोडली, झाडं गेली तशी माती नदीत आली, नदी उथळ झाली, बोटी यायच्या थांबल्या. त्यात १८४८ ला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तर खाणकामगार तिकडे पळाले, आणि १८५४-५५ ला रेल्वे आली ती गलीनाला थांबून पुढे मिसिसिपीच्या काठापर्यंत गेली, म्हणजे माल उतरवायला आता इथली नदी लागेना. आज गावात साधारण ३,३०० लोक राहतात.

आणि मला हे फार महत्त्वाचं वाटलं, की गाव टिकलं ते पैसा गेल्यामुळे. ज्या गावांकडे पैसा राहिला त्यांनी जुन्या इमारती पाडून नव्या बांधल्या, इथे पाडायला आणि बांधायला कुणाकडे काही नव्हतं, तशाच उभ्या राहिल्या. १९६९ मध्ये गावाचा मोठा भाग ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेला. म्हणून मी म्हणते की इथे यादी करून पळू नका. इथलं बघायचं जे आहे ते एकेका ठिकाणात नाही, सगळं मिळून आहे, आणि ते चालताना दिसतं.

मेन स्ट्रीटवर डीसोटो हाउस हॉटेल आहे, १८५५ मध्ये उघडलेलं आणि अजून हॉटेल म्हणून चालू आहे. याच्या बाल्कनीतून १८५६ मध्ये लिंकन बोलला, तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष व्हायचा होता. इमारत मुळात पाच मजली होती, १८८० मध्ये वरचे दोन मजले काढून टाकले. लॉबीत जायला कुणी अडवत नाही, आत जाऊन बसा, चालून पाय दुखले असतील तर ज्येष्ठांसाठी हक्काची जागा. तिथून जवळच ओल्ड मार्केट हाउस, १८४५-४६ चं. खाली बाजार भरायचा आणि वर नगर परिषद बसायची, म्हणजे आपल्या मंडईसारखंच काम. काकू तिथे पायरीवर बसल्या आणि पुण्याच्या महात्मा फुले मंडईत त्या लग्नानंतर पहिल्यांदा एकट्या गेल्या होत्या ती गोष्ट सांगायला लागल्या, ती बरीच मोठी होती आणि आम्ही ती पूर्ण ऐकली.

पोस्ट ऑफिसची इमारत पण बघा, चुनखडी दगडाची, १८५० च्या दशकाच्या शेवटी कस्टम हाउस म्हणून बांधलेली. तिच्या बांधकामावर देखरेख करायला ज्याला पाठवलं तो ईली पार्कर, सेनेका जमातीचा, मूळचा या देशाचा माणूस, इंजिनियर. त्याची इथेच युलिसिस ग्रँटशी, म्हणजे नंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला त्याच्याशी, मैत्री झाली, पुढे यादवी युद्धात तो ग्रँटच्या हाताखाली होता, आणि १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या सैन्याने शरणागती दिली तेव्हा त्या अटींची पक्की प्रत पार्करच्या हस्ताक्षरात लिहिली गेली. एका पोस्ट ऑफिसच्या भिंतीमागे एवढं सगळं. आम्ही तिथून भारतात दोन पोस्टकार्डं टाकली.

मग पायऱ्या. हे गाव उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी वसलंय. खाली मेन स्ट्रीट, तिच्या वर बेंच स्ट्रीट, तिच्या वर प्रॉस्पेक्ट आणि हाय स्ट्रीट, आणि या रस्त्यांना जोडणारे काँक्रीटचे आणि दगडाचे जिने. मैत्रीण रत्नागिरीची, ती म्हणाली, "अगं या तर पाखाड्या!" आणि खरंच, दोन्हीकडे घरांच्या कुंपणाच्या भिंती, मध्ये जिना, भिंतीवर शेवाळ, कोकणातल्या पाखाडीतून चढल्यासारखंच. जुन्या हायस्कूलच्या शेजारचा जिना सगळ्यात मोठा, दोनशेच्या आसपास पायऱ्या असतील, मी दीडशेनंतर मोजायचं सोडून दिलं कारण तोपर्यंत मागे वळून बघायला लागले होते. अख्खं गाव खाली, विटांच्या इमारतींची छपरं, नदीची रेघ, पलीकडच्या काठावर ग्रँटचं घर. युद्धाआधी ग्रँट या वरच्याच एका रस्त्यावर भाड्याच्या घरात राहायचा आणि वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला रोज पायऱ्या उतरून खाली जायचा.

ज्यांच्याबरोबर ज्येष्ठ मंडळी आहेत त्यांच्यासाठी: मेन स्ट्रीट आणि पार्क पूर्ण सपाट आहे, काही त्रास नाही. बेंच स्ट्रीटच्या वर मात्र गुडघे दुखणाऱ्यांना चालत नेऊ नका. आम्ही आधी काकाकाकूंना हॉटेलच्या लॉबीत बसवलं, आम्ही चौघं चढून आलो, आणि मग नवऱ्याने त्यांना गाडीतून वर नेऊन तोच देखावा दाखवला. वरचे रस्ते अरुंद आहेत, मोठी गाडी वळवताना जपून. पाऊस पडून गेला असेल तर जिने टाळाच, शेवाळ निसरडं असतं. आणि बूट चांगले घाला, फुटपाथच्या विटा जागोजागी वरखाली आहेत.

जेवणाचं सांगते. काका पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आम्हाला हौस होती की एखाद्या जुन्या इमारतीतल्या रेस्टॉरंटमध्ये बसून जेवायचं, साडेबाराला एका ठिकाणी गेलो तर सव्वा तास थांबा म्हणाले, शुक्रवार असून. नाव लिहून आम्ही बाकावर बसलो, चाळीस मिनिटांनी विचारलं तर अजून तासभर, आणि वर कळलं की व्हेज म्हणून लिहिलेल्या सूपचा बेस चिकनचा आहे. शेवटी उठलो. मैत्रिणीने पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी, काकूंचं लिंबाचं गोड लोणचं, कूलरमध्ये दहीभात, आणि मोठ्या थर्मासात चहा. ते घेऊन नदीवरच्या पायपुलावरून पलीकडे ग्रँट पार्कात गेलो. मोठी झाडं, बाकं, मधोमध ग्रँटचा पुतळा, तो १८९१ चा. गवतावर चादर टाकली आणि जेवलो. त्या हवेत, अंगावर कोवळं ऊन, पुलाखालून हळू वाहणारी ती मातकट नदी, आणि हातात दशमी. दुसरं काही नको होतं. तेव्हा माझा सल्ला हाच, डबा न्या. गावात पिझ्झा, पास्ता, सॅलड सहज मिळेल, पण कडक शाकाहारी असाल तर प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावं लागेल. आणि बाहेरच जेवायचं ठरलं असेल तर साडेअकरालाच टेबल पकडा.

पार्कातून ग्रँटचं घर चालत दहा मिनिटांवर, थोडा चढ आहे, काकाकाकूंना आम्ही गाडीने सोडलं. दोन मजली लाल विटांचं घर, इटालियन धाटणीचं, १८६० मध्ये बांधलेलं. गोष्ट अशी की १८६१ मध्ये ग्रँट गलीनाहून युद्धावर निघाला तेव्हा वडिलांच्या दुकानात काम करणारा साधा माणूस होता, आणि ऑगस्ट १८६५ मध्ये परत आला तेव्हा युद्ध जिंकलेला सेनापती. गावातल्या लोकांनी २,५०० डॉलरला हे घर घेऊन त्याला भेट दिलं. या एका लहान गावातून यादवी युद्धात नऊ जण जनरल झाले. १८६८ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि वॉशिंग्टनला गेला. आतलं सामान बरंचसं त्यांच्याच कुटुंबाचं आहे, जेवणाचं टेबल मांडलेलं, चिनी मातीची भांडी, अभ्यासिका. खोल्यांमध्ये पाय ठेवता येत नाही, दारातून बघायचं, गाइड बरोबर असतो आणि तो छान सांगतो. हे घर रोज उघडं नसतं, निघायच्या आधी वेळ बघून घ्या, आणि तीनच्या आत पोचा.

तिथे काकांनी एक प्रश्न विचारला जो मला वाटतं प्रत्येक मुंबईकराच्या मनात येईल. काका गिरगावातले. म्हणाले, "आपला ग्रँट रोड यांच्याच नावाने का?" मी बाहेर येऊन फोनवर शोधलं. नाही, तो ग्रँट वेगळा, सर रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर, दापोडीला वारला, ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याच्याच नावाचं. पण शोधताना दुसरंच सापडलं. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर हा ग्रँट बायकोला घेऊन जगाच्या सफरीवर निघाला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरला, मलबार पॉइंटच्या गव्हर्नरच्या बंगल्यात, म्हणजे आज जिथे राज्यपालांचं निवासस्थान आहे तिथे राहिला. आणि सफर संपवून त्याच वर्षी याच घरी परत आला. काका लहानपणी रोज संध्याकाळी चौपाटीवरून समोर तो मलबार हिलचा दांडा बघायचे. ते थोडा वेळ गप्प बसले, मग परत एकदा त्या घराकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "आत जाऊन येऊ का परत?" आणि गेले. गाइडला त्यांनी आपलं गिरगाव सांगितलं.

साडेतीनच्या सुमारास परत मेन स्ट्रीटवर आलो, दुकानं बघायला. चॉकलेट, पॉपकॉर्न, मुरंब्यांच्या आणि सॉसच्या बाटल्या, जुन्या वस्तू, मेणबत्त्या, वाइन. बऱ्याच ठिकाणी चव बघायला देतात. ज्यांना खरेदीची आवड आहे त्यांनी दोन तास ठेवा, आम्ही तासाभरात आटपलं, दुकानं साधारण पाचपासून बंद व्हायला लागतात हे लक्षात ठेवा, आपल्याकडच्यासारखं रात्री नऊपर्यंत बाजार नाही.

एका दुकानात काउंटरवर खनिजांचे तुकडे ठेवले होते. काकूंनी गलीनाचा एक उचलला आणि "अगं बाई!" म्हणून दुसरा हात खाली धरला. एवढासा, लिंबाएवढा, पण हातात घेतला की अंदाज चुकतो, इतका जड. रंग करडा, पण जिथे तुटलाय तिथे आरशासारखा चकचकीत, आणि तुटतो तो पण चौकोनी, एकावर एक रचलेल्या लहान लहान ठोकळ्यांसारखा, कुठेही बघा, काटकोनच. काकूंनी तो उजेडात फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "आमच्या शेजारी एक चाची होत्या, त्यांच्याकडे असाच चमकता दगड असायचा, त्या घासून सुरमा करायच्या." आणि ते अगदी बरोबर आहे. सुरम्याच्या नावाने जे विकलं जातं त्यात बऱ्याचदा हेच लेड सल्फाइड असतं. म्हणूनच इथे आरोग्य खात्यांचे इशारे असतात की बाळाच्या डोळ्यात काजळ-सुरमा घालू नका, शिसं पोटात जातं आणि मेंदूला इजा होते. ज्यांची इथे लहान बाळं आहेत आणि आजीने प्रेमाने गावाकडून डबी पाठवलीय त्यांनी हे नक्की लक्षात घ्या, मी हे फार कळकळीने सांगतेय. तुकडा काकूंनी घेतला, पण कागदात गुंडाळून, हात धुतले, आणि घरी गेल्यावर काचेच्या कपाटात वर ठेवायचा असं ठरलं.

शेवटचा थांबा हॉर्सशू माउंड. गावाच्या अगदी जवळ पूर्वेला, गाडी वरपर्यंत जाते, पैसे लागत नाहीत, सूर्यास्तापर्यंत उघडं असतं. वर गवताळ माळ आहे, सोपी पायवाट, बाकं. साडेपाचला पोचलो. इथून तीन राज्यं दिसतात, आपण उभे ते इलिनॉय, उजवीकडे विस्कॉन्सिन, समोर नदीपलीकडे आयोवा. खाली गलीनाचे कळस तेवढे झाडांतून वर आलेले, आणि त्यापलीकडे मिसिसिपीचं खोरं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेसहाच्या पुढे सूर्य मावळतो, वारा बोचरा असतो, दिवसा कितीही ऊन असलं तरी जाकिटं गाडीत ठेवा. थर्मासात उरलेला चहा तिथे प्यायलो. काकू कितीतरी वेळ त्या खोऱ्याकडे बघत होत्या, मग विचारलं, "बोटी कुठून यायच्या गं?" नवऱ्याने बोट दाखवून सांगितलं, तिथून मोठ्या नदीतून, मग त्या झाडांच्या रांगेतून आत. त्यांनी मान डोलावली आणि परत तिकडेच बघत बसल्या.

हातात दोन दिवस असतील तर डब्यूक जोडून घ्या, मिसिसिपी ओलांडली की आयोवात, गलीनापासून अर्ध्या तासाच्या आत. तिथे टेकडीवर चढणारा १८८२ चा जुना केबलचा डबा आहे, लोकांना फार आवडतो, फक्त हिवाळ्यात बंद असतो. आणि दिवस मोठा असेल तर येताना यूएस-२० ऐवजी स्टेजकोच ट्रेल घ्या, लीनापर्यंत जाणारा जुना घोडागाड्यांचा रस्ता, वळणावळणाचा. आम्ही अंधार होणार म्हणून तो सोडला. अंधारात तसेही या भागात हरणं रस्त्यावर येतात, आम्हाला स्टॉक्टनच्या अलीकडे तीन दिसली, एकामागून एक रस्ता ओलांडत, नवऱ्याने वेग कमी ठेवला होता म्हणून बरं. एक दिसलं की मागे दुसरं असतंच असं धरून चालवा. फोनची रेंज पण मधे मधे जाते, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

साडेनऊच्या सुमारास घरी पोचलो. डब्यात चार दशम्या उरल्या होत्या, त्या दुधात कुस्करून खाल्ल्या. काकांनी तेवढ्यात गिरगावच्या भावाला फोन लावला होता, तिकडे सकाळ झालेली, आणि पलीकडून ऐकू येत होतं, "कोण? ग्रँट? ग्रँट रोडवाला?"